विंटराइज्ड गाडी हिवाळ्यासाठी नसते

"मावशी, गाडी विंटराइज्ड आहे म्हणाला मालक. म्हणजे थंडीचं टेन्शन नाही."

हे वाक्य दर डिसेंबरात कुणीतरी मला ऐकवतंच. यंदा भाच्याने, मागच्या वर्षी आमच्या मंडळातल्या एका जोडप्याने. त्याआधी मी स्वतःच स्वतःची अशी समजूत घातली होती आणि ती चांगलीच महागात पडली. भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, जानेवारी, मी एकटी, मागे सायकल टांगलेली. पहिल्या मुक्कामी नळ उघडला तर फुसफुस हवा आणि मग चमचाभर गुलाबी पाणी. मला वाटलं टाकी रिकामी असेल. भरली. रात्री पारा 20 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 7 सेल्सियसच्या आसपास, उतरला. सकाळी सिंकखालच्या कपाटात एक सांधा फुटलेला, आणि दुपारी बर्फ वितळल्यावर सगळी जमीन ओली. दुरुस्तीचं बिल भाड्यापेक्षा जास्त झालं. मालकाचं म्हणणं एकच: मी तर सांगितलं होतं, गाडी विंटराइज्ड आहे. आणि खरोखरच त्याने सांगितलं होतं.

आमचं आजोळ हर्णैजवळ. मे संपत आला की तिथे दोन कामं निघायची. घर शाकारायचं, आणि होड्या वर ओढून त्यांच्यावर झाप टाकायचे. दोन्हींना आजी म्हणायची "पावसाची तयारी". पण शाकारलेल्या घरात पावसाळाभर राहायचं असतं आणि झापाखालच्या होडीला नारळी पौर्णिमेपर्यंत हात लावायचा नसतो. विंटराइज्ड गाडी ही ती होडी. घर हवं असेल तर इकडचा, अमेरिकेतला, शब्द वेगळा आहे: फोर-सीझन.

विंटराइज्ड म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळ्या नावाने माहीत आहे. न्यू जर्सीत घर असेल तर ऑक्टोबरात माणूस येऊन लॉनच्या स्प्रिंकलरमध्ये हवा मारून पाणी काढून जातो. इथेही तेच. टाक्या रिकाम्या करायच्या, गिझर बायपास करायचा, नळ्यांतून हवा मारायची किंवा गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं, थोडं सिंक आणि शॉवरच्या जाळीत ओतायचं. झालं. गुलाबी द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, पिण्याच्या नळ्यांत चालतं. इंजिनातलं अँटीफ्रीझ बहुधा इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विष; ते पाण्याच्या नळ्यांच्या जवळपाससुद्धा आणायचं नाही. इतकं पुरे.

खरा घोळ फोर-सीझनचा आहे, आणि तो विंटराइज्डचा अर्थ नीट कळलेल्यांचाही होतो.

लोक विचारतात, इन्सुलेशन किती जाड? खिडक्या दुहेरी काचेच्या का? आत किती उबदार राहतं? हे सगळे स्वतःसाठी विचारलेले प्रश्न आहेत. तुम्हाला थंडी वाजली तर तुम्ही दुसरं पांघरूण घ्याल. नळी पांघरूण घेत नाही. फोर-सीझन गाडीत ऊब माणसापर्यंत पोचते की नाही हा प्रश्न दुय्यम, ती पाण्यापर्यंत पोचते की नाही हा पहिला. आणि बऱ्याच गाड्यांत पाणी माणसाजवळ नसतंच. सांडपाण्याच्या टाक्या गाडीच्या फरशीखाली, कधी ताज्या पाण्याचीही तिथेच. सांडपाणी सोडायचा डंप व्हॉल्व त्याहून खाली, चाकांच्या वाऱ्यात. एखादी नळी बाहेरच्या पत्र्याला चिकटून मागच्या शॉवरकडे जाते. फोर-सीझन म्हणवणाऱ्या चांगल्या गाडीत एकतर हे सगळं उबदार भागात घेतलेलं असतं, नाहीतर खालून बंद पोट असतं आणि फर्नेसची, म्हणजे गाडी गरम करणाऱ्या प्रोपेनच्या भट्टीची, एक डक्ट (गरम हवेची नळी) त्या पोटात सोडलेली असते. किंवा टाक्यांना विजेचे हीटिंग पॅड.

आता आपली माणसं काय करतात? कॅम्पग्राउंडला वीज भाड्यातच मिळते, प्रोपेन मात्र विकत घ्यावा लागतो. म्हणून वॉलमार्टमधून 1,500 वॉटचा छोटा हीटर आणायचा, तो रात्रभर लावायचा आणि फर्नेसला सुट्टी. आत मस्त 70 अंश फॅरनहाइट. थर्मोस्टॅट बघतो, गरम आहे, तो फर्नेस चालूच करत नाही. फर्नेस नाही म्हणजे डक्टमधून हवा नाही, म्हणजे पोट थंड, म्हणजे टाकी आणि व्हॉल्व गोठलेले. वर तुम्ही बनियनवर चहा पिताय आणि खाली व्हॉल्वचा दांडा हलत नाही. असे "आत तर इतकं गरम होतं हो" म्हणणारे मी निदान चार जण पाहिलेत. वाचवलेला प्रोपेन दहा डॉलरचा, व्हॉल्व बदलायला दोनशेच्या वर. हीटर वाईट नाही. पण तो फक्त तुमच्यासाठी आहे, फर्नेस गाडीसाठी आहे.

अमेरिकेत फोर-सीझन या शब्दावर कुणाचा शिक्का नाही. कंपनी स्टिकर लावते, झाली गाडी चारही ऋतूंची. युरोपात निदान मोटरकॅरॅव्हॅनसाठी ईएन 1646 नावाचं मानक आहे. त्याच्या तिसऱ्या दर्ज्याला बाहेर उणे 15 सेल्सियस असताना आत 20 अंश गाठून दाखवावे लागतात आणि पाणीही चालू राहावं लागतं. इकडे स्टिकरवर "आर्क्टिक" लिहिलेलं दिसलं की मी लगेच खाली वाकून बघते. टाकी नुसती लोंबताना दिसली तर स्टिकर बनवणाऱ्याला नमस्कार.

इथवर सगळं कॅम्पग्राउंडवर बसून राहणाऱ्यांसाठी झालं. माझ्या प्रवासाची अडचण वेगळी असते, कारण मी जाते ती जुन्या रेल्वेमार्गांवर सायकल चालवायला, आणि एकटी. जोडप्यातला एकजण गाडीत थांबू शकतो. मी सकाळी दहाला निघाले की तीनला परत. पाच तास गाडी ट्रेलहेडच्या, म्हणजे वाट सुरू होते तिथल्या, पार्किंगमध्ये, वीज नाही, माणूस नाही. फर्नेस प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर: मोठ्या फर्नेसला सात-आठ अँपियर. 100 अँपियर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे पंखा सलग चालला तर सहा-सात तास. लिथियम असेल तर आणखी एक फास: ती शून्य सेल्सियसखाली चार्ज करायची नसते, त्यामुळे गोठलेल्या सकाळी छतावरचं सोलर असून नसून सारखंच. प्रोपेनचं म्हणाल तर 30,000 बीटीयूची फर्नेस सलग चालवली तर 20 पौंडांचा सिलिंडर 14 तासांच्या आसपास संपतो. (ब्युटेनच्या भरवशावर तर राहूच नका. तो शून्याच्या जवळ आला की वायू व्हायलाच नकार देतो. प्रोपेन उणे 42 सेल्सियसपर्यंत साथ देतो.)

तेव्हा माझं ठाम मत, भांडून सांगते: एकट्या माणसाने, सायकलचे थांबे घेत, जानेवारीत उत्तरेकडून निघायचं असेल तर गाडी विंटराइज्डच ठेवावी. हो, तीच झापाखालची होडी. फक्त ती होडी आहे हे ठाऊक असू द्यावं. नळाला हात लावायचा नाही. पिण्याचं पाणी सात गॅलनच्या दोन कॅनमध्ये, पलंगाजवळ, जिथे मी आहे तिथे. एकटीला दिवसाला दोन गॅलन पुरतं, चहा धरून. भांडी एका टबात. फ्लशला बाटलीतलं तेच गुलाबी द्रव. अंघोळ ट्रक स्टॉपवर पैसे देऊन, आणि तिथला शॉवर घरच्यापेक्षा जोरदार असतो. मग दिवसभर गाडी गोठली तरी गोठू दे, तिच्या नळ्यांत फुटायला काही नाही. चाळीस लाखांची गाडी घेऊन पिंपातून पाणी काढतेस, असं माझा भाऊ म्हणतो. म्हणू दे.

गंमत अशी की पुढे वाटही असाच शब्दांचा खेळ खेळते. मेरीलँडच्या कंबरलँडहून ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ट्रेल सुरू होतो, पिट्सबर्गपर्यंत 150 मैल. रेल्वेचा चढ, त्यामुळे गुडघ्यांना मानवणारा: पाणलोटाच्या माथ्यापर्यंत, 2,392 फुटांपर्यंत, सरासरी 70 फुटांत एक फूट. आपला बोरघाट 37 फुटांत एक फूट चढतो, त्यावरून अंदाज करा. "ट्रेल वर्षभर उघडा" असं ऐकून मी पहिल्या वर्षी वर चढत गेले, फ्रॉस्टबर्ग मागे टाकलं, राज्याची हद्द ओलांडली आणि बिग सॅव्हेज बोगद्यासमोर आले. 3,294 फुटांचा बोगदा, आणि तोंडाशी बंद दारं. आत झिरपणारं पाणी गोठून अस्तर फोडतं म्हणून डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तो चक्क बंद करतात. ट्रेल उघडा होता, बोगदा विंटराइज्ड होता. कंबरलँडलाच दुसऱ्या दिशेने कालव्याच्या काठचा सीअँडओ टोपाथ लागतो. तिथे हातपंपांचे दांडेच हिवाळ्यात काढून ठेवतात. स्टेट पार्कांची न्हाणीघरं बंद, नळ बंद. वाटेवर पाणी मिळेल हे गृहीत धरून निघालेला माणूस हिवाळ्यात दुसऱ्यांदा फसतो.

बाकी हिवाळ्यातल्या सायकलिंगचं लोक जितकं घाबरवतात तितकं काही नाही. एकच सांगते. बर्फ कुठे असेल हे जुन्या रेल्वेमार्गाच्या आकारावरून कळतं. भरावावर ऊन आणि वारा लागतो, तिथे दुपारपर्यंत कोरडं. डोंगर कापून काढलेल्या खिंडीत आठवडाभर ऊन पोचत नाही, तिथे गुळगुळीत बर्फ. आणि लाकडी फळ्यांचे पूल सगळ्यांत आधी गोठतात. व्हर्जिनियात फार्मव्हिलजवळच्या हाय ब्रिजवर, अ‍ॅपोमॅटॉक्स नदीच्या 125 फूट वर, मी सायकल हातात धरून चालले. जवळजवळ अर्धा मैल. फळ्यांवर दंवाचा पांढरा थर आणि त्यात माझ्या आधी गेलेल्या कोल्ह्याची किंवा कुत्र्याची पावलं, सरळ मधोमध, पार पलीकडे. पानं झडलेली, त्यामुळे नदी वरून पूर्ण दिसत होती. उन्हाळ्यात तिथे नुसता हिरवा कापूस असतो.

पाणी गाडीत केव्हा घ्यायचं? दिवसाच्या तापमानावरून ठरवू नका, सगळे तिथेच चुकतात. सलग तीन रात्री पारा 32 फॅरनहाइटच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, वर राहणार असेल तरच. मला ते दरवर्षी जॉर्जियात साधतं, सिल्व्हर कॉमेट ट्रेलच्या आसपास. न्यूयॉर्क ते बर्मिंगहॅम धावणाऱ्या, 1969 मध्ये बंद झालेल्या गाडीच्या नावाचा हा 61.5 मैलांचा डांबरी-काँक्रीटचा मार्ग पुढे अलाबामातल्या चीफ लडिगा ट्रेलला जोडलेला आहे, आणि थंडीत सायकल चालवायला याहून सोपा रस्ता मी पाहिला नाही. एक दिवस चालवते, दुसऱ्या दिवशी रॉकमार्टजवळ गाडी लावून नळ्या धुते. गुलाबी पाणी आधी, मग फेस, मग आणखी फेस, दहा मिनिटं. फेस थांबला तरी गिझरचा बायपास उलटा फिरवायचं विसरू नका. मी विसरले होते आणि अर्धा तास गरम पाण्याची वाट पाहत साबण लावून उभी होते. मग ब्लीच, 15 गॅलनला पाव कप, काही तास भिजवून पुन्हा धुणं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नळाच्या पाण्याचा चहा. किंचित ब्लीचचा वास येतो. आलं जास्त घालायचं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: मालकाला "विंटराइज्ड का" हे विचारूच नकोस. विचार, आत्ता नळाला पाणी आहे का. नाही म्हणाला तर विचार, मी भरलं तर रात्री ते गोठू न देणारी कोणती गोष्ट या गाडीत आहे, आणि ती मला हात लावून दाखव. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मालक म्हणाला, टाकी कुठे आहे तेच बघावं लागेल.

मी त्याला दोन कॅन घ्यायला सांगितले आहेत.