गाडी रस्त्याला चिपकते कशानं?

मागच्या रविवारी नागपुरात फुटाळा तलावावर एक लाल हॅचबॅक उभी होती. मागं डिकीवर हातभर उंच स्पॉयलर, म्हणजे हवेच्या जोरानं गाडी खाली दाबायची पट्टी, पुढं बंपरला काळ्या दोऱ्यात निंबू-मिरची. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या पोरांसोबत एका सीटची रेसिंग कार बनवतोय, त्यामुळं त्याला त्या स्पॉयलरचं भारी कौतुक. मला दोघांत निंबू बरा वाटला, तो निदान वजनाला हलका. ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. स्पॉयलरनं खरंच दाबलं, तर तो नको त्या चाकांना दाबणार. आणि रविवारच्या गर्दीत तिथं ताशी 40 च्या वर जातंय कोण?

"पण मामा, वजन टाकलं का गाडी चिपकते ना रोडला?"

नाही चिपकत. टायरची पकड वजनाच्या पटीत वाढते हे खरं, पण वळणावर गाडीला आत खेचून धरायला जे बल लागतं तेही वस्तुमानाच्याच पटीत वाढतं. दोन्हीकडं वस्तुमान, म्हणजे ते कटलं. वर टायरची खोड अशी, की भार दुप्पट केला तरी पकड पुरती दुप्पट होत नाही. त्यामुळं जड गाडी वळणावर जरा मागंच पडते. आपल्याला हवं काय, तर टायरवर दाब वाढावा पण गाडीचं वस्तुमान वाढू नये.

असा फुकटचा दाब आपल्या डोक्यावर आहेच. वातावरण प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 10 टनांच्या भारानं रेलून उभं असतं. जाणवत नाही, कारण खालूनही तेवढाच दाब असतो. गाडीच्या पोटाखालचा दाब थोडा कमी करता आला, की वरचं वातावरण स्वतःच गाडीला रस्त्यावर दाबून धरतं. मे महिन्यातल्या वादळात टिनाचे पत्रे उडतात तेव्हा हेच उलट्या बाजूनं घडतं. पत्र्यावरून हवा जोरात जाते, वरचा दाब उतरतो, आणि घरातली शांत हवा पत्रा वर ढकलते.

कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं 1977 च्या लोटस 78 आणि 1978 च्या लोटस 79 या फॉर्म्युला वन गाड्यांत हे साधलं. पीटर राइट हे तिथले अभियंते मॉडेल घेऊन पवनबोगद्यात, म्हणजे मॉडेलवर हवेचा झोत सोडतात त्या बोगद्यात, चाचण्या करत होते. वेग वाढला की मॉडेलच्या दोन्ही बाजू खाली झुकत. खालून काहीतरी ओढत होतं. बाजू आणि जमीन यांच्यातली फट पुठ्ठ्यानं बंद केली, तर ओढ एकदम वाढली.

आता माझा आवडता भाग. लोटसच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांचा तळ सपाट नव्हता. पुढं तोंड मोठं, मध्ये तळ जमिनीच्या अगदी जवळ, मग मागं हळूहळू वर चढत जाणारा उतार. हवा अरुंद जागी शिरली की तिला वेग घ्यावा लागतो, जसं कालव्याचं पाणी पुलाखाली घेतं. आणि वेग घ्यायचा तर मागून जास्त दाब, पुढं कमी दाब हवाच. म्हणजे अरुंद गळ्यात दाब कमी. हिशेब करून बघू. ताशी 180 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 50 मीटर. गळ्यात तीच हवा दीडपट, 75 मीटरनं धावली असं धरा. हवेची घनता घनमीटरला 1.2 किलो. अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग: बाहेर 1500 पास्कल, खाली 3375. फरक 1875, खालचा दाब बाहेरच्यापेक्षा तेवढा कमी. तळाचं क्षेत्र 2 चौरस मीटर धरलं तर 3750 न्यूटन, म्हणजे जवळपास 380 किलोंचा भार, आणि वस्तुमानात एका ग्रॅमची भर नाही. त्यासाठी वातावरणाच्या दाबात दोन टक्क्यांची तूटही लागली नाही! वेग दुप्पट केला की हा भार चौपट.

खरी कसोटी मागच्या उतारावर लागते. गळ्यातून सुटलेल्या हवेला वेग सोडत पुन्हा बाहेरच्या दाबाला यायचं असतं, म्हणजे कमी दाबाकडून जास्त दाबाकडं, चढावर सायकल मारल्यासारखं. उतार सौम्य असेल तर ती तळाला धरून चालते. जास्त तीव्र केला की तळापासून सुटते, भोवरे होतात, आणि गळ्यातली ओढही जाते. म्हणून लोटस 79 मध्ये मागच्या स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर हवेच्या वाटेतून बाजूला काढले, आणि पेट्रोलची एकच टाकी चालकाच्या पाठीमागं ठेवली. बाजूनं हवा आत शिरू नये म्हणून वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या थेट रस्त्याला टेकवल्या.

1977 मध्ये लोटसच्या मारियो आंद्रेत्तीनं 4 शर्यती जिंकूनही विजेतेपद निकी लाउडाला गेलं. लोटसची इंजिनं दगा देत होती. 1978 मध्ये मात्र 16 पैकी 8 शर्यती लोटसच्या. स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबम या दुसऱ्या संघानं गाडीच्या मागं मोठा पंखा लावून खालची हवा सरळ उपसूनच काढली. ती चालवणारा लाउडा जिंकला, बाकीचे संघ चिडले, आणि ती गाडी परत कधी शर्यतीत उतरली नाही. सप्टेंबरात मोंझाला आंद्रेत्तीचं विजेतेपद पक्कं झालं. त्याच शर्यतीच्या अपघातात त्याचा लोटसमधला जोडीदार रॉनी पीटरसन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

पुढं पट्टी अडकली की वळणात पकड एका क्षणात जायची, म्हणून 1981 ला सरकत्या पट्ट्या बंद झाल्या आणि 1983 पासून तळ सपाट करायला लावला. 2022 ला तळाखालचे बोगदे परत आले तेव्हा गाड्या सरळ रस्त्यावर उड्या मारायला लागल्या. तळ खाली ओढला जातो, फट मिटत आली की हवा अडते, ओढ सुटते, गाडी वर येते, पुन्हा ओढली जाते. 1979 च्या लोटस 80 चं हेच झालं होतं.

भाच्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो तर पोरांनीही अ‍ॅल्युमिनियमचा असा तळ बनवून ठेवलेला, रिव्हेटसुद्धा नीट रांगेत. पण त्यांच्या स्पर्धेचा ट्रॅक अरुंद, वळणं जवळजवळ. वेग ताशी 54 धरला तर तोच हिशेब 34 किलोंवर येतो. मेमधल्या 45 अंशांच्या दुपारी हवा 15 अंशांच्या सकाळपेक्षा साधारण दहा टक्के विरळ, म्हणजे नागपुरात चाचणी घ्याल तर 30-31.

"मग ठेवू का काढू?"

"तळ किती किलोचा झाला?"

ते कोणी मोजलंच नव्हतं. दोघं जण काटा आणायला शेजारच्या किराणा दुकानात गेले.