थॉमस पेन

थॉमस पेन (१७३७–१८०९) हा अमेरिकन आणि फ्रेंच अशा दोन्ही क्रांत्यांत प्रत्यक्ष उतरलेला इंग्रज राजकीय विचारवंत. जन्म नॉरफोक परगण्यातल्या थेटफर्ड गावी. जन्मतारखेचा घोळ बऱ्याच ठिकाणी दिसतो, कुठे २९ जानेवारी १७३७, कुठे ९ फेब्रुवारी १७३७, तर कुठे थेट १७३६ साल. कारण इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, त्यात नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी आदल्याच सालात मोजला जाई आणि वर ११ दिवसांचा फरक पडे तो वेगळाच. म्हणजे तिन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत, इथे २९ जानेवारी १७३७ धरलीय.

वडील क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, धंदा बायकांच्या कॉर्सेट शिवायचा. पेनही आधी तेच शिकला, मग अबकारी खात्यात लागला. १७७२ मध्ये खात्यातल्या लोकांच्या तुटपुंज्या पगारावर त्याने पत्रक लिहिलं, १७७४ मध्ये नोकरी गेली आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकन नेता बेंजामिन फ्रँकलिनची शिफारसपत्रं घेऊन तो फिलाडेल्फियाला पोचला.

जानेवारी १७७६ मध्ये त्याचं ‘कॉमन सेन्स’ हे पत्रक निनावी छापून आलं. तोवर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधली तक्रार मुख्यतः पार्लमेंटच्या करांबद्दल होती, पेनने सरळ राजेपदावरच बोट ठेवलं आणि वंशपरंपरेने कुणी राज्य करावं याला काही आधारच नाही हे दुकानदाराला नि शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत मांडलं. खप किती झाला यावर मात्र वाद आहे. पहिल्या तीन महिन्यांत १,२०,००० प्रती गेल्या हा आकडा खुद्द पेनचा, पुढच्या चरित्रांत तो वाढत वाढत ५ लाखांवर गेला. तेव्हा वसाहतींची लोकसंख्या गुलाम धरून साधारण २५ लाख आणि छापखाने हाताने चालवायचे, हे बघता अलीकडचे काही अभ्यासक खरा खप लाखाच्याही खाली धरतात, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे. पण एक प्रत कितीतरी लोकांत मोठ्याने वाचली जायची, त्यामुळे आकडा उतरला म्हणून प्रभाव उतरत नाही. आपल्या वाट्याचा नफा त्याने कॅनडाच्या मोहिमेवरच्या सैनिकांना हातमोजे घ्यायला देऊ केला होता.

फ्रेंच क्रांतीवर ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने १७९० मध्ये टीका केली, तिला उत्तर म्हणून ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग १७९१ आणि १७९२ मध्ये निघाले. इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला, पण खटला चालेपर्यंत तो फ्रान्सला जाऊन तिथल्या राष्ट्रीय सभेवर निवडूनही आला होता. तिथे त्याने राजेशाहीला विरोध केला पण राजा सोळाव्या लुईला देहदंड देऊ नका असं सांगितलं, याला फार मोठं धैर्य लागतं. डिसेंबर १७९३ मध्ये त्याला पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी गिलोटिनवर (मान उडवायच्या यंत्रावर) न्यायच्या कैद्यांच्या दारावर खडूने आकडा लिहीत, पेनच्या कोठडीचं दार तेव्हा बाहेर भिंतीला टेकून उघडं होतं, म्हणून आकडा आतल्या बाजूला पडला आणि रात्री दार लावल्यावर बाहेरून दिसलाच नाही. हे सगळं त्याच्या स्वतःच्याच सांगण्यावरून माहीत आहे.

१७९७ च्या ‘अॅग्रेरियन जस्टिस’मध्ये त्याने २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एकदाच १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड द्यावेत असं सुचवलं. जमीन मुळात सगळ्यांची, ती खाजगी झाली त्याची ही भरपाई, आणि पैसा वारसाहक्काच्या मालमत्तेवरच्या करातून.

‘एज ऑफ रीझन’मध्ये (१७९४–९५) देव मानला पण धर्मग्रंथ ईश्वराचे शब्द असल्याचं नाकारलं. यामुळे १८०२ मध्ये अमेरिकेला परतल्यावर जुने मित्रसुद्धा दुरावले. १८०९ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला तेव्हा अंत्ययात्रेला मोजकीच माणसं होती.

महाराष्ट्रात पेन पोचला तो मुख्यतः जोतीराव फुल्यांमार्फत. १८४७ च्या सुमारास पुण्यात शिक्षण संपताना त्यांनी मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासोबत ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं असं चरित्रकार सांगतात, आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. पण नंतरच्या फुल्यांवर ‘राइट्स ऑफ मॅन’पेक्षा ‘एज ऑफ रीझन’ची छाप जास्त दिसते असं काही अभ्यासकांचं मत आहे आणि १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघालेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ वाचताना तेच खरं वाटतं. तिथला निर्मीक, म्हणजे जग निर्माण करणारा, कुणा एका ग्रंथात किंवा पुरोहितात सापडत नाही, हा धागा पेनचा. मात्र पेनने हक्कांची मांडणी पुरुषमाणसाला समोर ठेवून केली, फुल्यांनी स्त्री आणि पुरुष दोघांनाही जन्मतः समान हक्काचं धरलं आणि शूद्रातिशूद्रांचा प्रश्न मध्यभागी आणला, हे पेनकडून आलेलं नाही.