गाठ साधी, पण वाट अवघड

"साधी गाठ आहे, कॅन्सर नाही" असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण मेंदूत खोलवर असलेली गाठ साधी असली तरी ती कुठे बसलीय त्यावर सगळं अवलंबून असतं.

कोलॉइड सिस्टचंच बघा. बऱ्याचदा वाटाण्याएवढी पिशवी, आत जेलीसारखा चिकट पदार्थ, बस. आता मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, ते वरच्या दोन मोठ्या पोकळ्यांतून दोन बारीक भोकांवाटे खालच्या तिसऱ्या पोकळीत उतरतं, आणि ही गाठ नेमकी त्या भोकांच्या तोंडाशी वाढते. बोळा बसला की पाणी तुंबतं, डोकं भयंकर दुखतं, उलट्या होतात, क्वचित माणूस अचानक दगावतो सुद्धा.

मग तिथे पोचायचं कसं? वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने 1921 मध्ये अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, तेव्हा सीटी नाही, एमआरआय नाही, ऑपरेशनचा मायक्रोस्कोपही नाही! मला तरी हे वाचून आजही थक्क व्हायला होतं.

आज मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे अक्रोडाच्या दोन फाकांसारख्या मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीतून खाली जायचं आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्याला एक-दोन सेंटिमीटरची चीर द्यायची. दुसरी, कपाळाच्या वर, बहुधा उजवीकडे, कवटीला छोटं भोक पाडून दुर्बीण आत सरकवायची. पाणी तुंबून पोकळ्या फुगलेल्या असतील तर दुर्बिणीला जागा मिळते, नाहीतर ते काम कठीण.

स्क्रीनवर लालसर झालरीसारखा कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे हे पाणी तयार करणारा भाग, दिसतो, त्याच्या मागे मागे गेलं की भोक येतं आणि तिथून डोकावणारी गाठ. पिशवीला छेद देऊन जेली ओढून घेतात, ती कधी इतकी घट्ट असते की ओढलीच जात नाही, मग तुकडे करावे लागतात. आणि त्या भोकाची कडाच मुळी फॉर्निक्सची, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या नाजूक पट्ट्याची. त्याला धक्का लागला तर सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी आठवेनासं होऊ शकतं.

म्हणून गाठीचा पापुद्रा फॉर्निक्सला किंवा तिथल्या रक्ताच्या शिरेला घट्ट चिकटलेला असेल तर अनुभवी सर्जन कधी कधी तेवढा तुकडा मुद्दाम तसाच ठेवतात. गाठ परत वाढायची शक्यता राहते, पुढे काही वर्षं एमआरआय करत राहावं लागतं, तरी तिथे हात थांबवणं मला शंभर टक्के बरोबर वाटतं.