स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर आणि स्पोर्ट्स फिजिओ: फरक नेमका कुठे?

"बीपीटी झालंय, आता एमडी स्पोर्ट्स मेडिसिन करता येईल का?" बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी; तिची इंटर्नशिप संपत आलेली पोरंपोरी हे हमखास विचारतात. नाही करता येत. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन एमबीबीएसनंतरचं, तीन वर्षांचं, प्रवेश नीट-पीजी परीक्षेतून. बीपीटीवाल्यांसाठी एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं, त्यात स्पोर्ट्स फिजिओथेरपी ही शाखा. म्हणजे वाट पहिल्या पदवीलाच ठरलेली असते.

पण खरा फरक कामात आहे. आपल्याकडे तो पोलीस भरतीच्या दिवसांत स्पष्ट दिसतो. १६०० मीटरची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, बहुतेकांचे बूट झिजलेले, आणि महिन्याभरात नडगी धरून येतात. नडगीच्या आतल्या कडेने चार बोटं दाबत जायचं. दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीला आलेलं दुखणं. एकाच जागी बोट ठेवताच पोरगं कळवळलं, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची आणि त्याचं धावणं त्याच दिवशी बंद करायचं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. त्यावर विसंबून "काही नाही, धाव" म्हटलं की चीर वाढते.

इथून पुढे डॉक्टरचं काम: एमआरआय लागेल का, हाडं कमजोर का झाली, मुलगी असेल तर पाळी चुकतेय का, धावण्याच्या मानाने जेवण पुरतंय का. औषध आणि इंजेक्शनही त्याच्याच हातात, आणि तिथे एक मोठी जबाबदारी आहे. २०२२ पासून कॉर्टिसोन गटातली (सूज-दुखणं उतरवणारी स्टेरॉइडची) सगळी इंजेक्शनं स्पर्धेच्या काळात 'वाडा'च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत. राज्य पातळीवर खेळणाऱ्या कबड्डीपटूच्या गुडघ्यात स्पर्धेच्या तोंडावर कोणी सहज सुई टोचली, तर डोपिंग चाचणीत त्याचं करिअर अडकू शकतं. ऑपरेशन मात्र ऑर्थोपेडिक सर्जनचं. स्पोर्ट्स मेडिसिनचा एमडी ते करत नाही.

फिजिओ वेगळ्या जागी उभा असतो. तोही तपासतो, पण त्याची मुख्य कसोटी पुढच्या आठवड्यांत लागते: पोटरीची ताकद किती, एका पायावर किती वेळा टाच उचलता येते, चालण्यातून धावण्याकडे कधी वळायचं, आठवड्याला अंतर किती वाढवायचं. नुसती शेकायची मशीन लावून पेशंट घरी पाठवणं म्हणजे स्पोर्ट्स फिजिओथेरपी नव्हे, हे मला ठासून सांगावंसं वाटतं.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मैदानाची इतकी जुनी परंपरा असलेल्या मुलखात मेळघाटातल्या धारणीच्या किंवा गडचिरोलीतल्या अहेरीच्या पोराला साध्या नडगीसाठी जिल्ह्याला जावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून माझं मत सरळ आहे: तालुक्याला आधी चांगला स्पोर्ट्स फिजिओ मिळावा. एमडीच्या जागा देशभरात मोजक्या, आणि तो शिकलेला डॉक्टर मोठ्या शहरात किंवा संघांसोबत राहण्याचीच शक्यता जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरला मात्र वर सांगितलेली नडगीची तपासणी यायलाच हवी. तिला कुठली वेगळी पदवी लागत नाही.

नागपुरात आणि वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. प्रत्येक कॉलेजात एमपीटीची प्रत्येक शाखा असेलच असं नाही, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचा. स्पोर्ट्स मिळालं नाही तर मस्क्युलोस्केलेटल घ्या, सांधे-स्नायूंचा पाया तोच. काही आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सने माहिती वाढते, पण त्यावर 'स्पोर्ट्स मेडिसिन तज्ज्ञ' अशी पाटी लावू नका. आणि फी भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, मैदानावर ड्युटी लागते की दोन्ही वर्षं ओपीडीतच जातात.