तुटलेला भाग आणि न बसवलेला भाग

बोइंग 747 मध्ये सुमारे 60 लाख सुटे भाग असतात आणि त्यांतले निम्मे नुसते बोल्ट, रिव्हेट, स्क्रू अशा जोडणीच्या कामाचे. एवढ्या पसाऱ्यातून कधीतरी काहीतरी गळून पडणारच, आणि विमान बनवणाऱ्यांनी ते गृहीतही धरलेले असते. कोणते छोटे झाकण, कोणते सील नसतानाही विमान उडवता येईल आणि त्यासाठी वजनाच्या-इंधनाच्या हिशेबात काय बदल करायचा, याची मंजूर यादीच विमानासोबत असते. त्यामुळे ‘विमानाचा तुकडा पडला’ अशी बातमी आली की तो कुठे पडला यापेक्षा तो का सुटला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. तुटून पडला, की मुळात नीट बसवलाच नव्हता?

तुटण्याचे शास्त्र आता बरेच पक्के आहे. विमान वर गेले की केबिनमधल्या हवेच्या दाबाने त्याचे धड किंचित फुगते, खाली आले की पूर्ववत होते. तार सारखी वाकवून सरळ केली की तुटते, तसाच हा धातूचा थकवा. 1988 मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या 737 विमानाचे सुमारे साडेपाच मीटर छप्पर हवेतच उडाले. त्या विमानाची 89,680 उड्डाणे झाली होती. बेटाबेटांतले टप्पे छोटे, त्यामुळे तासांच्या मानाने फुगणे-आकसणे फार. म्हणूनच धडाचे वय मोजताना वर्षांइतकीच उड्डाणेही मोजतात, आणि चिरा शोधण्याच्या तपासण्या त्या हिशेबाने ठरतात.

माणसाच्या हाताचे असे गणित मांडता येत नाही.

10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बॅक वन-इलेव्हन विमानाने बर्मिंगहॅमहून उड्डाण केले आणि तेरा मिनिटांनी वैमानिकासमोरची काच निघून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि कॅप्टन वाचला. ती काच आदल्याच दिवशी, रात्रपाळीत बदललेली होती. माणसे कमी म्हणून पाळीच्या प्रमुखाने काम स्वतःच अंगावर घेतले. जुना बोल्ट शेजारी धरून, अंधूक उजेडात, नजरेने नवे बोल्ट निवडले आणि वाकडे होऊन, हात लांबवून ते आवळले. 90 पैकी 84 बोल्ट हवे त्यापेक्षा 0.66 मिलिमीटरने बारीक निघाले. उरलेले सहा पुरेसे लांब नव्हते. काच बाहेरून बसवण्याची रचना असल्यामुळे आतल्या हवेचा सगळा जोर त्या बोल्टांवरच येत होता. एवढे असूनही हे काम दुसऱ्या कुणी तपासलेच पाहिजे, असे बंधन तेव्हा नव्हते. मला यातली खरी चूक तीच वाटते.

कधी चूक एका विमानात होते आणि भोगते दुसरेच. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर कॉन्टिनेंटलच्या डीसी-10 विमानाची टायटॅनियमची पट्टी पडली, लांबी जेमतेम 43 सेंटिमीटर. ती निर्मात्याच्या पद्धतीप्रमाणे बनवलेली नव्हती आणि बसवलेलीही नव्हती. पाच मिनिटांनी तिथूनच धावलेल्या काँकॉर्डचा टायर तिच्यावर फाटला, रबराचा मोठा तुकडा पंखाखाली आदळून इंधनाची टाकी फुटली आणि 113 जण गेले.

जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स 9 विमानाच्या धडातली दाराच्या जागची पट्टिका सुमारे 15,000 फुटांवर निखळली, तेव्हाही धातू थकलेला नव्हता. विमान जेमतेम दोन-अडीच महिन्यांपूर्वी ताब्यात आलेले. कारखान्यात रिव्हेट दुरुस्तीसाठी पट्टिका उघडली होती, पण उघडल्याची नोंदच झाली नाही. नोंद नाही म्हणजे तपासणीही नाही. चार बोल्ट परत लागलेच नाहीत. पट्टिका उड्डाणागणिक थोडी थोडी वर सरकत राहिली.

हँगरमध्ये यावर साधे उपाय असतात. आवळलेल्या नटवरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढतात. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. काही बोल्टांच्या डोक्यांतून पीळ दिलेली तार अशी ओवतात, की बोल्ट सैल होऊ लागला तर तीच त्याला उलट आवळते. अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणजे विमानात विसरलेला पाना लगेच लक्षात येतो. पण लावलाच नाही अशा बोल्टावर रेघ कुठे ओढणार?

शिवाय देखभाल वाढवली की धोका घटतोच, असेही नाही. उघडलेली प्रत्येक गोष्ट परत बसवावी लागते. 1983 मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांत एकाच खेपेला तेच काम झाले आणि तिन्हींत रबरी कड्या घालायच्या राहून गेल्या. तेल गळून इंजिने बंद पडत गेली. आधी बंद केलेले एक पुन्हा सुरू झाले, म्हणून विमान मायामीला परतले. समुद्रावरून लांबचा पल्ला गाठणाऱ्या दोन इंजिनी विमानांसाठी आता नियमच आहे, की एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच तंत्रज्ञाने करायचे नाही. अगदीच इलाज नसेल, तर दुसऱ्या तंत्रज्ञाने ते तपासल्याखेरीज विमान हलत नाही.