जखमी घारी आणि दिल्लीतला एक जुना नियम

मांजाने पंख कापलेली घार सापडली तर तिला ठेवून घेणार कोण, हा प्रश्न नागपूर-येवल्याकडे दर संक्रांतीला निघतो. दिल्लीत त्यावरून कितीतरी आधी वाजलं होतं.

फार मागे गेलं तर शिकारी पक्ष्यांचे वैद्य म्हणजे बाजदार, शिकारीसाठी बाज-ससाणे पाळून शिकवणारे. कुमाऊंच्या राजा रुद्रदेवाच्या 'श्यैनिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथात ससाण्यांच्या आजारांवर उपाय दिलेले आहेत. तुटलेल्या पिसाच्या खुंटात गळालेलं पीस बसवायची युक्तीही बाजदारांचीच, ती आजही वापरतात. पण तेव्हा पक्षी बरा करायचा तो पुन्हा मुठीवर बसवण्यासाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे पक्षी पकडणंच बेकायदा ठरलं आणि पुढे बरा करून सोडून देणं हेच उपचाराचं उद्दिष्ट झालं.

लाल किल्ल्यासमोर जैन मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं एक जुनं धर्मादाय रुग्णालय आहे. कबुतरं, पोपट, चिमण्या तिथे बऱ्या होईपर्यंत राहतात आणि मग आकाशात सोडल्या जातात. मांसाहारी पक्ष्यांवर मात्र मलमपट्टी होते, मुक्काम नाही. कारणं दोन. मंदिराच्या आवारात मांस शिजत नाही, मग ते भरवायचं कसं? आणि कबुतरांच्या वॉर्डात घार ठेवायची कशी? दुसऱ्या कारणात तथ्य आहे. शिकारी पक्षी वेगळे ठेवावेच लागतात.

मात्र त्याच दिवशी परत पाठवलेल्या घारीचं काय होतं, हे या वादात कुणी विचारत नाही. मांजा बहुतेकदा खांदा ते मनगट ताणलेला कातडीचा पडदा चिरतो, त्यासोबत त्याच्या कडेची शीर, म्हणजे स्नायूला जोडलेली दोरीसारखी कंडरा. शीर तुटली की पंख पुरता उघडत नाही. उघडी जखम वाळते, सडते. हाड मोडलं असेल तर पंख बांधून दोन-तीन आठवडे ठेवावा लागतो, नंतर मोठ्या जाळीत उडायचा सराव. एवढं सगळं बाह्यरुग्ण विभागात बसत नाही. तेव्हा नियम धर्माला धरून होता हे मान्य केलं, तरी घारीपुरता तो नकारच होता. गंमत अशी, की त्याच जुन्या दिल्लीत सदका (दान) म्हणून घारींना मांसाचे तुकडे उधळायची मुस्लिमांची रीत आहे, आणि शहरात घारींची एवढी दाटी असण्याचं तेही एक कारण सांगतात.

या नकारातूनच पुढचं काम उभं राहिलं. शाळकरी वयात जखमी घार घेऊन गेलेल्या आणि परत फिरवल्या गेलेल्या दोन भावांनी पुढे स्वतःच्या घराच्या तळघरात शिकारी पक्ष्यांचा दवाखाना थाटला. आजवर हजारो घारी तिथून गेल्या. दिल्लीत पतंगांचा हंगाम १५ ऑगस्टच्या आसपासचा, तेव्हा खोकीच्या खोकी भरून पक्षी येतात.

नायलॉन मांजा बाजारात पसरला तशा जखमा वाढल्या. जानेवारी २०१७ मध्ये दिल्लीत फक्त साध्या सुती दोऱ्याला परवानगी उरली. काच किंवा धातू लावलेला दोरा बंद. जुलैमध्ये हरित लवादाने देशभर नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर बंदी घातली. त्याच वर्षापासून गुजरातेत उत्तरायणाच्या सुमारास जखमी पक्षी वाचवण्याची सरकारी मोहीम निघू लागली, १० ते २० जानेवारी. नागपुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठालाही यात लक्ष घालावं लागलं. दरवर्षी चक्र्या जप्त होतात, दरवर्षी मांजा मिळतो.

सरकारी पैसा आणि अभ्यास मुख्यतः गिधाडांकडे गेला, आणि ते रास्तच होतं. गिधाडांचा जीव घेणारं जनावरांसाठीचं वेदनाशामक डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं, हरियाणातल्या पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र चाललं, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथली गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली गेली. त्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर होते, त्यामुळे ताडोबातून सुटलेलं एक गिधाड तमिळनाडूपर्यंत गेल्याचं कळलं. तळघरातून सुटणाऱ्या घारीवर असं काही नसतं. गच्चीवरून ती उडाली, की नोंदवहीत 'सोडली' एवढंच लिहिलं जातं.