हातजोडी हे मूळ नाहीच
जत्रेत खाज्याच्या दुकानापलीकडे शेंदरात माखलेली ‘हातजोडी’ विकायला असते. दोन हात जोडल्यासारखी, टोकाला बोटं फुटलेली. वाघनखी नावाच्या रानझाडाचं मूळ म्हणून खपवतात. चांदीच्या डबीत लवंगांसोबत ठेवली की म्हणे पैसा टिकतो. वाघनखी उपटून बघा एकदा. मूळ मुळासारखंच निघतं, आकडे असतात ते फळाला. डबीतली वस्तू म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. ते जोडीनंच असतं, म्हणून ‘दोन हात’. डीएनए तपासणीतही घोरपडच निघाली. काही नग तर चक्क प्लॅस्टिकचे. (त्यांना लक्ष्मी कशी वश होते, देव जाणे!) घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत) आहे. नुसती डबी कपाटात सापडली तरी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.